बसलेली गाय: जुनी डच एचिंग्ज कशी बघायची, अस्सल-नक्कल कशी ओळखायची आणि तशी एक प्लेट स्वतः कशी करायची

पाउलुस पॉटर म्हटलं की सगळे त्याचा तो मोठा बैल दाखवतात, १६४७ चं ऑइल पेंटिंग, हेगच्या माउरिट्सहाउस म्युझियममधलं, अकरा फूट रुंद. जबरदस्तच आहे, वाद नाही. पण त्याच माणसानं तीन वर्षांनी, १६५० मध्ये, तांब्याच्या आठ छोट्या प्लेटांवर गायीबैल काढले, एकेक प्लेट साधारण पोस्टकार्डाएवढी, आणि मला विचाराल तर जनावर त्याला किती कळलं होतं हे त्या आठ प्लेटांत जास्त कळतं. त्यातही उभ्यापेक्षा बसलेल्या जनावरांत.

हा लेख त्या बसलेल्या जनावरांबद्दल आहे. चित्रकलेचा कोर्स केलेला नसला तरी चालेल, मोबाइल, एक पट्टी आणि थोडा निवांत वेळ असला की बास. शेवटची पायरी मात्र हात काळे करायची आहे, ती नको असेल तर आधीच्या वाचून थांबा.

एचिंग म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो. तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईनं चित्र ओरखडायचं म्हणजे तेवढ्या जागी तांबं उघडं पडतं, मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा, ॲसिड उघड्या रेषा खातं. थर पुसायचा, खाचांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओला कागद ठेवून दाबातून काढायचं. छाप उलटा येतो, उजवं डावीकडे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीनदा लागणार आहे.

आधी कोणाकोणाचं बघायचं

सुरुवात पॉटरपासूनच करा. जन्म १६२५, एन्खाउझन गावचा, नंतर डेल्फ्ट, हेग, अ‍ॅमस्टरडॅम असा फिरला आणि १६५४ मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. एवढ्याशा आयुष्यात एचिंग्ज केली ती दीड-दोन डझनांच्या आत, म्हणजे एका रविवारी सगळी बघून होतात.

दुसरा निकोलास बर्खेम, हार्लेमचा, १६२० ते १६८३. ह्याची 'तीन बसलेल्या गायी' आधी बघाच, मग बाकीची. तिसरा आड्रियान व्हान द व्हेल्ड, १६३६ ते १६७२, हाही लवकर गेला. ह्याच्याबद्दल हाउब्राकननं (अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच चित्रकारांची चरित्रं लिहिणारा) नोंदवलंय की हा माणूस दर आठवड्याला चित्रांचं सामान घेऊन शेतात जायचा, गायी-बैल-मेंढ्या काढायला, आणि हे त्यानं आयुष्यभर सोडलं नाही. ते त्याच्या रेषेत दिसतं. चौथा कारेल ड्यूजार्डिन, १६२६ ते १६७८, ह्याची पन्नासेक एचिंग्ज आहेत, मेंढ्या, गाढवं, कुत्री, उन्हात पसरलेली डुकरं. कमी रेषा, भरपूर पांढरा कागद.

ह्या सगळ्यांच्या आधीचा एक पीटर व्हान लार, हाही हार्लेमचाच, पण रोममध्ये राहिला आणि १६३६ मध्ये तिथं जनावरांचा आठ एचिंग्जचा एक संच काढला. गुरंढोरं हाच विषय, देवदेवता-राजेरजवाडे काही नाही, अशा संचाची वाट पुढच्या लोकांना त्यानं करून दिली.

आणि एक जोडीला ठेवा: रेम्ब्रांटचं १६४३ चं डुक्कर. रेम्ब्रांट जनावरांचा चित्रकार नव्हे, पण हे डुक्कर आडवं पडलंय आणि त्याचे पाय बांधलेत, कापायला नेण्याआधीचं आहे ते. विश्रांती घेणारं जनावर आणि पडून राहायला लावलेलं जनावर ह्यात काय फरक असतो ते समजायला ह्याच्यापेक्षा चांगलं चित्र नाही.

खऱ्या मापात बघा

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर ह्या सगळ्यांची एचिंग्ज मोठ्या साइझमध्ये फुकट डाउनलोड होतात, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचंही तसंच, ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर नोंदी जास्त सविस्तर असतात. चित्रकाराचं नाव इंग्रजी स्पेलिंगनं टाका, प्रकार म्हणून प्रिंट निवडा.

आता इथं लोक काय करतात, तर थेट झूम. झूम करायचं, पण नंतर. आधी नोंदीत मिलिमीटरमध्ये माप दिलेलं असतं ते बघा, पट्टीनं कोऱ्या कागदावर तेवढा चौकोन आखा आणि जमलं तर त्याच मापाची प्रिंट काढून हातात धरा. ही चित्रं भिंतीवरून बघायची नव्हतीच, पुष्कळदा संचानं विकली जायची, माणूस टेबलाशी बसून एकेक पान उचलून डोळ्याजवळ नेऊन बघायचा, आणि चित्रकारानं रेषा किती दाट किती विरळ ठेवायची ते ह्याच अंतराचा विचार करून ठरवलेलं असतं. लॅपटॉपच्या पूर्ण स्क्रीनवर पॉटरची गाय केसाळ आणि खरखरीत दिसते, हातात धरली की तीच रेषा कातडी होते.

पोट जमिनीला टेकतं तिथं थांबा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, बाकीच्या विसरलात तरी चालेल.

डोळा साहजिकच तोंडाकडे जातो, शिंगं, डोळे, ओलं नाक. तसं करू नका. बसलेल्या गायीचं पोट आणि गवत जिथं एकमेकांना भिडतं ती रेषा शोधा आणि डावीकडून उजवीकडे तिच्यावरून हळूहळू जा. चांगल्या एचिंगमध्ये ही रेषा सलग नसते. कुठे गवताची पाती पोटावर चढलेली असतात, कुठे दाट आडव्या रेषांची सावली, कुठे रेषाच नाही, नुसता पोटाचा उजेड संपतो आणि जमीन सुरू होते. धान्याचं भरलेलं पोतं खाली टेकवलं की बुडाशी पसरतं तसं पोट पसरलेलं दिसायला पाहिजे. कच्च्या हाताच्या चित्रात ही कडा सगळीकडे सारख्याच जाडीची असते आणि गाय गवतावर ठेवल्यासारखी वाटते, बसल्यासारखी नाही.

मग पाय. गुरं ज्यांनी जवळून बघितलीत त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: गाय बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, मग मागचं अंग खाली सोडते. उठताना मागचं अंग आधी. (घोडा उठतो तो पुढचे पाय आधी रोवून.) बसल्यावर पुढचे पाय छातीखाली मुडपलेले, कधी एक पुढे लांब केलेला, आणि मागच्या अंगाचा सगळा भार एका पुठ्ठ्यावर, त्यामुळे वरच्या बाजूचा मागचा पाय पुढे येऊन त्याचं खूर पोटाजवळ बाहेर दिसतं. ते खूर नीट बघा. ते कुठून आलंय, त्याचा वरचा सांधा कुठे आहे, हे मनात जुळतंय का? पॉटरचं जुळतं. खूप नकलाकारांचं जुळत नाही, त्यांची खुरं पोटाखालून अशीच कुठूनतरी उगवतात.

तिसरी जागा भकाळी, म्हणजे बरगड्या संपल्यावर कमरेच्या हाडापुढचा तो खळगा. बसलेल्या गायीचं पोट बाजूला फुगतं आणि वर भकाळी आत जाते, पाठीचा कणा आणि कमरेची हाडं वर निघतात. पॉटर इथं निर्दय आहे, हाडं दिसतायत तर दाखवणारच, गाय सुंदर दिसायची काळजी त्याला नाही. बर्खेम ह्याच जागी हात जरा मऊ करतो. त्याच्या गायी देखण्या आहेत आणि सोबतचे गुराखी बरेचदा नाटकातल्यासारखे, मला ते फारसे पटत नाहीत, पण त्या तीन बसलेल्या गायींचा अपवाद.

रवंथ करणारी गाय मान वर ठेवते, डोळे अर्धवट, जबडा एका बाजूला सरकलेला. गाढ झोपेत मान मागे वळवून कुशीला लावते. चित्रकारांना रवंथवाली जास्त सोयीची, एक तर चेहरा दिसतो आणि दुसरं म्हणजे ती बराच वेळ जागची हलत नाही. बसलेली जनावरं इतकी का काढली ह्याचं निम्मं कारण एवढं साधं असावं असं मला वाटतं. उरलेलं अर्धं कारण देशाचं: समुद्र-तळी उपसून नवी जमीन काढलेली, तिच्यावर कुरणं, दूध-लोणी-चीजवर पैसा, आणि ते विकत घेणारं शहरी गिऱ्हाइक. शांत बसलेली धष्टपुष्ट गाय त्या गिऱ्हाइकाला आवडणारच.

आता झूम करा

तीन गोष्टी शोधायच्या.

एक, रेषेची दिशा. पॉटर केसाच्या दिशेनं छोटे छोटे फटके मारतो, कपाळावरचे भोवरे, खांद्यावरून खाली वळणारे केस, आणि तेच फटके अंगाचा गोलावाही दाखवतात. म्हणजे एकाच रेषेत केस, गोलाई आणि सावली अशी तीन कामं. व्हान द व्हेल्डची रेषा बारीक आणि मऊ, लांबून राखाडी रंग दिल्यासारखी. ड्यूजार्डिन सावलीच्या बाजूलाच रेषा घालतो आणि उन्हाची बाजू तशीच कोरी सोडतो, कोरा कागद हेच त्याचं ऊन.

दोन, ॲसिडनं किती खाल्लंय. लांबचं झाड, चर्चचं टोक, पलीकडच्या गायी फिक्या आणि बारीक, जवळचं गवत आणि खूर काळं नि जाड. हे सुई जोरात दाबून होत नाही. प्लेट थोडा वेळ ॲसिडमध्ये ठेवून बाहेर काढतात, लांबच्या रेषांवर वॉर्निश लावून त्या बंद करतात आणि प्लेट परत आत सोडतात, म्हणजे जवळच्या रेषा आणखी खोल जातात. रेम्ब्रांटच्या त्या डुकराच्या मागची माणसं बघा, हलक्या रेषेत नुसती सुचवलीयत, सगळा काळा ऐवज डुकराच्या अंगावर.

तीन, सही आणि तारीख. प्लेटवर सुलटं लिहिलं की छापात उलटं येतं, म्हणून प्लेटवर उलटं लिहावं लागतं. एखादा आकडा किंवा अक्षर उलटं दिसलं तर दचकू नका.

अस्सल, नंतरचा छाप की नक्कल

परदेशी लिलावाच्या साइटवर अशी चित्रं दिसतात आणि किमती कधीकधी वाटतात तेवढ्या भयंकर नसतात, म्हणून मोह होतो. मोह झालाच तर आधी एवढं करा.

तांब्याची प्लेट चित्रकार मेला तरी मरत नाही. ती विकली जाते, दुसरा प्रकाशक घेतो, आपलं नाव कोरतो, परत छापतो. पॉटरचा १६५० चा बैलांचा संच क्लेमेंट द योंग ह्या अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रकाशकाच्या नावानं निघाला. (हाच तो ज्याचं पोर्ट्रेट रेम्ब्रांटनं १६५१ मध्ये एच केलं, आणि ज्याच्या मागे राहिलेल्या मालाच्या यादीत रेम्ब्रांटच्याही प्लेटा निघाल्या.) त्यामुळे एकाच चित्राचे वेगवेगळ्या अवस्थांतले छाप असतात, ह्या अवस्थांना स्टेट म्हणतात: आधी नंबर नसलेला, मग नंबर आलेला, मग प्रकाशकाचं नाव, मग ते खोडून दुसरं नाव. दर छपाईला तांबं झिजतं. आधी बारीक रेषा जातात, म्हणजे लांबचा देखावा आणि गायीच्या तोंडावरची नाजूक कामं, जाड रेषा टिकतात, आणि गायीच्या अंगावर पांढरे डाग पडल्यासारखं दिसतं.

चित्राखालची लॅटिन खूण वाचायला शिका, तीनच शब्द आहेत. फेकिट म्हणजे ज्यानं प्लेट केली तो, इन्व्हेनिट म्हणजे ज्याची मूळ कल्पना किंवा चित्र तो, एक्सकुडिट म्हणजे प्रकाशक. पॉटरच्या नावापुढे नुसतं इन्व्हेनिट असेल, फेकिट नसेल, तर ती पॉटरच्या हातची प्लेट नाही. हेगच्या मार्कस द बाय ह्यानं पॉटरच्या चित्रांवरून भरपूर एचिंग्ज केली, चांगली आहेत, पण विक्रेता पॉटर म्हणून विकत असेल तर तुम्हाला हे माहीत पाहिजे.

मग म्युझियमचा फोटो शेजारी ठेवा. चित्र उलट्या बाजूचं आहे का? नक्कल करणारा छाप बघून तसाच प्लेटवर उतरवतो आणि छापला की उलटा येतो, त्यामुळे डावीकडे तोंड असलेली गाय उजवीकडे बघायला लागली की शंका घ्या. उलट नसलं म्हणून अस्सल असंही नाही, हुशार नकलाकार आरसा वापरतात.

कागद. उजेडासमोर धरला की जुन्या हातकागदात तारांच्या समांतर रेषा दिसतात, दोन-अडीच सेंटिमीटरवर ठळक आणि त्यांना आडव्या बारीक. ह्या रेषा नसलेला गुळगुळीत वोव्ह कागद युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यानंतर आला, तेव्हा त्या कागदावरचा छाप पॉटरच्या हयातीतला असूच शकत नाही. प्लेटच्या कडेचा दाबलेला ठसा बघा, पण तो नसला तरी लगेच नाकारू नका, जुने संग्राहक कडेपर्यंत कापून टाकायचे. भिंगातून शाई जराशी उठलेली दिसायला हवी, ठिपक्यांची जाळी दिसली तर ते पुस्तकातलं पान आहे. आणि एक त्रास: एकोणिसाव्या शतकात फोटोग्राव्हर पद्धतीनं (फोटोवरून तांब्याची प्लेट करून) झालेल्या नकलांत प्लेटचा ठसाही असतो आणि शाईही उठलेली असते, तिथं कागद आणि म्युझियमच्या छापाशी रेषान्‌रेष ताडून बघणं एवढंच हातात राहतं.

विक्रेत्याला बार्च किंवा होलश्टाइन नंबर आणि स्टेट विचारा. बार्च म्हणजे आडाम बार्च, व्हिएन्नाच्या राजसंग्रहातली छापचित्रं सांभाळणारा क्युरेटर, त्यानं १८०३ ते १८२१ मध्ये एकवीस खंडांची यादी केली, तिचे नंबर आजही चालतात; होलश्टाइन ही डच छापचित्रांची नंतरची यादी. स्टेट सांगता येत नाही म्हणाला तर 'नंतरचा छाप' धरून किंमत द्या.

आपल्या गायीवरून काढताना

म्युझियमचं बघून झालं की वहीपेन्सिल घेऊन जिवंत जनावराकडे जा, दुपारी तीनच्या सुमाराला सावलीत बसलेली सापडतातच. फक्त एक लक्षात घ्या, डच गायीला वशिंड नाही आणि गळ्याखालची पोळी अगदी कमी. खिलार बसलेली असली की वशिंड एका बाजूला किंचित कलतं आणि शिंगं लांब मागे जातात, त्यामुळे पॉटरची आकृती जशीच्या तशी उचलून शिंगं बदलली तर ते जनावर कुठलंच राहत नाही. जर्सी-होल्स्टिन संकरित गाय असेल तर युरोपी आकृती बरीच जवळ जाते. म्हैसही उत्तम, पण तिचं काळं अंग रेषेत पकडणं अवघड, सुरुवातीला नको.

पहिलं काम पोट-जमिनीची रेषा. मग पाठीचा कणा. तोंड शेवटी.

स्वतःची प्लेट

साधा रस्ता आधी सांगतो. ॲसिड नको असेल तर ड्रायपॉइंट करा: पातळ ॲक्रिलिक शीटखाली स्केच ठेवायचं, टोकदार सुईनं सरळ ओरखडायचं, शाई भरून छापायचं. रेषेच्या कडेला बर (खरवडून वर आलेली खरखरीत कड) उठतो त्यामुळे छाप मखमली येतो. थोड्याच प्रिंट निघतात, मग बर दबतो. पण पॉटरसारखी स्वच्छ रेषा हवी असेल तर तांबंच.

तांब्याचा साधारण एक मिलिमीटर जाडीचा पत्रा पोस्टकार्डाच्या मापाचा कापून घ्या, पुण्यात असाल तर तांबट आळीत विचारता येईल. चारही कडा कानशीनं तिरक्या घासा, नाहीतर दाबाखाली कागद फाटतो. मेटल पॉलिशनं चकचकीत करा, मग खडूची बारीक पूड आणि पाणी घेऊन तेलकटपणा घालवा. नळाखाली धरल्यावर पाण्याचे थेंब न जमता सलग पातळ पडदा राहिला म्हणजे प्लेट स्वच्छ. इथं आळस केला की पुढे थर सुटतो आणि भलतीकडे खाल्लं जातं.

हार्ड ग्राउंड (तोच सुरुवातीला सांगितलेला मेण-राळेचा थर) आर्ट मटेरियलवाल्यांकडून तयार मागवा, गरम प्लेटवर पातळ सारखा पसरवा. थंड झालं की स्केच उलटं करून उतरवा. सुई दाबायची नाही, थर कापला जाऊन तांबं चमकलं एवढंच. केसाच्या दिशेनं, छोटे फटके.

नायट्रिक ॲसिड घरी आणूच नका. फेरिक क्लोराइड वापरा, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड) करणारे वापरतात तेच, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या बाजूच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत चौकशी करा. नायट्रिकसारखा धूर नाही, पण डोळ्यांना आणि कातडीला वाईट, कपड्याचा डाग जात नाही, तेव्हा गॉगल, हातमोजे, खिडकी उघडी, ट्रे प्लास्टिकचा. प्लेटच्या मागच्या बाजूला पॅकिंग टेप. प्लेट पालथी, चार कोपऱ्यांवर किंचित उचलून ठेवा, म्हणजे खाचेतला गाळ खाली पडतो. वेळ मी सांगून उपयोग नाही, द्रावण किती ताजं, हवा किती गरम ह्यावर ठरतो, म्हणून त्याच पत्र्याच्या तुकड्यावर पाच-पाच मिनिटांच्या पट्ट्या करून आधी बघा. पहिल्या फेरीनंतर लांबचं झाड आणि क्षितिज वॉर्निशनं झाका, दुसऱ्या फेरीनंतर गायीची उजेडाची बाजू, शेवटच्या फेरीत फक्त पोटाखालची सावली, खुरं आणि जवळचं गवत. वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं, मोरीत ओतू नका, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये साठवा आणि घातक कचऱ्यात द्या.

छपाईला ऑइल बेस एचिंग इंक, पुसायला कडक मलमल, शेवटचा हात तळव्याच्या कडेनं. कागद सुती, जाड, पाण्यात भिजवून टिपलेला. पुण्याच्या हँडमेड पेपर इन्स्टिट्यूटचा चिंध्यांपासूनचा कागद लावून बघण्यासारखा आहे. प्रेससाठी एखादा प्रिंटमेकिंग स्टुडिओ किंवा आर्ट कॉलेजात ओळख काढा, घरी चमच्यानं घासून एचिंग नीट उतरत नाही.

पहिला छाप निघाला की त्यावरच पेन्सिलनं खुणा करा. लांबचं काळं झालं असेल तर बर्निशरनं (गुळगुळीत टोकाचं धातूचं हत्यार) दाबून रेषा उथळ करता येते. पोटाखालची सावली कमी पडली तर परत ग्राउंड, परत सुई, परत फेरिक, आणि दर बदलानंतर एक छाप तारीख टाकून ठेवा. काम संपलं तरी प्लेट भंगारात देऊ नका, शाई साफ करून व्हॅसलीनचा पातळ हात द्या, कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. पॉटरनं गुराख्याची एक प्लेट १६४३ मध्ये केली होती, सहा वर्षांनी परत काढली, कापून लहान केली आणि तारीख बदलून १६४९ टाकली.